नंबर तोच, कंपनी दुसरी: पोर्ट केल्याचे तुमचे अनुभव लिहा

खारूताई

रिचार्ज महागलं की घरोघरी पोर्टचा विषय निघतो आणि चहाबरोबर संपतो. कारण प्रत्येकाला कोणीतरी घाबरवून ठेवलेलं असतं. नंबर जाईल, ओटीपी येणार नाहीत, फोन आठवडाभर मुका राहील वगैरे. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे, हरयाणात तर त्याच्या दोन महिने आधीपासून. एवढ्या वर्षांनंतरही लोक का बिचकतात, ते कळावं म्हणून हा धागा. एकच विनंती, कंपन्यांची नावं घेऊन भांडू नका. एकाच कंपनीची रेंज एका गल्लीत फुल्ल असते आणि पुढच्या गल्लीत गायब, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. कुठे अडलं आणि कसं सुटलं, ते लिहा.

माझं बिनबोभाट झालं. १९०० ला मेसेज पाठवला: इंग्रजी मोठ्या अक्षरांत पोर्ट, एक जागा सोडून आपला नंबर. आठ अक्षरा-आकड्यांचा कोड (यूपीसी) आला. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या गॅलरीत गेले, नवं सिम घेऊन आले. ठरल्या रात्री जुनं सिम बंद पडलं, सकाळी नवं घातलं. माझी गोष्ट एवढीच.

घाटमाथा

मी पहिल्या वर्षीच्या गर्दीतला. तेव्हा १९ रुपये लागायचे आणि कोड मागेल त्याला मिळायचा. गंमत पुढे असायची. अर्ज गेल्यावर जुनी कंपनी काहीतरी खुसपट काढून तो फेटाळायची, की पुन्हा पहिल्यापासून. १६ डिसेंबर २०१९ पासून क्रम उलटा झालाय. आधी तपासणी, मग कोड. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेत का, पोस्टपेडचं बिल थकलंय का, मालकीबदलाचा अर्ज अडकलाय का, हे सगळं बघूनच कोड निघतो. त्यामुळे कोड हातात आला की निम्मी लढाई जिंकली समजा. फक्त त्याची मुदत आता १५ ऐवजी ४ दिवस आहे (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडे ३०). गॅलरीत जायचं त्याच दिवशी मागवा.

आणि हो, कोड मागितल्यावर जुन्या कंपनीचे फोन सुरू होतात. इतकी वर्षं कोणी हिंग लावून विचारलं नाही, आता एकदम जावयाचा मान! दुप्पट डेटा, खास ऑफर, ‘सर, आमची काही चूक झाली का?’ मी शांतपणे ऐकून घेतो. करमणूक होते.

माजघर

आमचं प्रकरण लांबलं, म्हणून सविस्तर लिहिते. बाबा गेल्यावर त्यांचा नंबर आईने चालू ठेवला. गॅस, बँक, पेन्शन, सगळं त्यावरच. तिच्या खोलीत रेंज येईना म्हणून पोर्ट करायचं ठरलं. कोड लगेच आला, गॅलरीतही गेलो. तिथल्या मुलाने आधार बघून विचारलं, “आजी, सिम तुमच्या नावावर आहे का?” नव्हतंच. घरात हा प्रश्न कधी कोणाच्या डोक्यातही आला नव्हता.

तो मुलगा भला होता. म्हणाला, आधी जुन्या कंपनीतच नंबर आजींच्या नावावर करून घ्या, मग माझ्याकडे या. तिकडे मृत्यूचा दाखला, आम्हा भावंडांची नाहरकत आणि आईचं केवायसी मागितलं. तो अर्ज मंजूर होईपर्यंत नवा कोड मिळत नाही, घाटमाथांनी वर लिहिलंय तेच.

केवायसीत दुसरा घोळ. जन्मभर भांडी घासून आईच्या बोटांवरच्या रेषा पुसल्यात, मशीन ठसा घेईना. उजवा अंगठा, डावा अंगठा, हात धुऊन, रुमालाने कोरडा करून, जोरात दाबून, हलकेच टेकवून. मागे रांग वाढत होती आणि आई अवघडून मला म्हणत होती, “राहू दे गं, आहे ते बरंय.” शेवटी अनामिकेने काम केलं. कोणी आधीच सांगितलं असतं, तर सगळ्यात आधी तेच बोट ठेवलं असतं! पुढे पोर्ट मात्र काही त्रास न होता झालं. आई आता खोलीत बसून मामीशी तासभर बोलते.

घरातली सिमं कोणाच्या नावावर आहेत, ते आज संध्याकाळीच बघा. पोर्ट करायचं नसलं तरी.

लिंबूटिंबू

+१ माजघर. माझा नंबर ऑफिसच्या नावावर होता. नोकरी सोडताना एचआरचं पत्र लागतं, त्याशिवाय पोर्ट होत नाही. राजीनाम्यानंतर पत्रासाठी जोडे झिजवण्यापेक्षा नोटीस पिरियडमध्येच घ्या. तोवर सगळे गोड बोलतात.

रात्रपाळी

मी याच क्षेत्रात आहे, म्हणून ‘मधल्या काळात फोन अर्धवट का चालतो’ यावर थोडं. पोर्ट होताना आधी जुनी कंपनी नंबर बंद करते, मग नवी चालू करते आणि ‘हा नंबर आता इकडे’ ही नोंद सगळ्या कंपन्यांकडे जाते. तुम्हाला कोणी फोन लावला की त्याची कंपनी ती नोंद बघून कॉल कुठे वळवायचा ते ठरवते. नोंद सगळीकडे पोचेपर्यंत एकाचा फोन लागतो, दुसऱ्याचा नाही. म्हणून हे काम रात्री करतात. यूपीआयला सिम बदललेलं कळतं, ते पुन्हा मेसेज पाठवून नोंदणी करायला लावतं. त्या दिवशी खिशात थोडी रोकड असू द्या.

सहसा कोणाला माहीत नसलेली गोष्ट: तुम्ही कितीदाही पोर्ट करा, नंबरची मालिका मूळ कंपनीचीच राहते. नंबर कायमचा बंद केलात की तो फिरून तिच्याकडेच जातो.

पुलाखालून

मुंबईहून पुण्याला बदली झाली, तेव्हाचं. मुंबई हे वेगळं सर्कल (मोबाईल सेवेचा विभाग) आहे, ठाणे, नवी मुंबई आणि कल्याण त्यात येतं. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. एका सर्कलमधून दुसऱ्यात नंबर नेण्याची सोय ३ जुलै २०१५ ला झाली. सर्कलमधल्या सर्कलमध्ये ३ कामाचे दिवस, बाहेर असेल तर ५. रविवार आणि सुट्ट्या त्यात धरत नाहीत. मी नेमका गणपतीत अर्ज टाकला होता, त्यामुळे वाट बघण्यावाचून इलाज नव्हता.

पोस्टपेडवाल्यांसाठी: पोर्ट झाल्यावरही जुन्या कंपनीचं शेवटचं बिल येतं. ‘आता काय करणार ते’ म्हणून सोडून देऊ नका. त्यांनी कळवलं की नवी कंपनी तुमचा नंबर बंद करू शकते. आमच्या ऑफिसातल्या एकाचा झालाय. प्रीपेडला ही भानगड नाही, पण शिल्लक बॅलन्स बुडतो. तो आधी बोलून संपवा.

कोरांटी

सासऱ्यांना फोन आला होता: तुमचा नंबर बंद होतोय, मेसेजमध्ये आलेला कोड सांगा. तो कोड म्हणजे यूपीसीच होता की नाही, ते आम्ही बघत बसलो नाही, फोन ठेवून दिला. न मागता पोर्टच्या कोडचा मेसेज दिसला तर गप्प बसू नका, आपल्या कंपनीला कळवा. १ जुलै २०२४ पासून सिम बदलून घेतल्यावर ७ दिवस कोड मिळत नाही. तुमच्या नावाने कोणी चोरून दुसरं सिम काढलं, तरी त्याला लगेच नंबर पळवता येऊ नये म्हणून. सिम हरवल्यावर नवं घेऊन त्याच आठवड्यात पोर्ट करायला जाणाऱ्यांचाही यात खोळंबा होतो, पण माझं मत विचाराल तर होऊ दे.

नवखा

सगळं वाचलं. आज सकाळीच अर्ज दिलाय आणि आता जुन्या कंपनीने खरंच चांगली ऑफर दिलीये. मागे फिरता येतं का?

घाटमाथा

येतं. २४ तासांच्या आत १९०० लाच कॅन्सल, पुढे नंबर, असा मेसेज पाठवा. पण ऑफर तोंडी असेल तर आधी ती मेसेजवर मागा. नाही आली तर जा बिनधास्त. फक्त नवी कंपनी नाही आवडली तर परत फिरायला ९० दिवस थांबावं लागेल, हे लक्षात ठेवा.