चवथीच्या कार्यक्रमाचं काय करायचं?

नाईक, सेक्रेटरी: नमस्कार. बी विंगमधल्या समीरचा धाकटा बांबोळीच्या हॉस्पिटलात अ‍ॅडमिट आहे, ताप आता उतरलाय. रविवारी मुलांचा चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा कार्यक्रम आहे. ठेवायचा की पुढे ढकलायचा? मतं द्या.

सुभाषकाका, ए ३०१: रद्द करा. टाकी साफ करा म्हणून मे महिन्यापासून बोंबलतोय. पर्वरीत पाऊस पडला की नळाला काय रंग येतो बघितलंय ना?

लीना, सी २०४: अंगावर पुरळ होतं म्हणे. गोवर नाही ना? माझी दोघं त्याच्याबरोबर खेळलीत.

समीर, बी १०३: गोवर नाही. कावासाकी आजार आहे, यात रक्तवाहिन्यांना सूज येते. पाच दिवस झाले तरी ताप हटेना. डोळे लालबुंद, पण चिपडं नाहीत. ओठ फुटलेले, जीभ लाल, तळपाय सुजलेले. आई म्हणाली, याच्या दंडावरची बीसीजी लशीची खूण बघ, पेटल्यासारखी झालीय. डॉक्टरांना ते सांगितल्यावर त्यांनी लगेच हृदयाचा इको केला.

मेधामावशी, सी १०२: आजींना माझा नमस्कार सांग रे. वर्ष-सव्वा वर्षाच्या बाळात ती खूण लाल होणं म्हणजे कावासाकीकडे बोट दाखवणं. वॉर्डात असताना आम्ही नवीन डॉक्टरांना मुद्दाम दंड उघडून बघायला सांगायचो. ड्रिप दिली का?

समीर: काल रात्रभर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं, चाललं. साडेनऊ किलोचं पोर, १९ ग्रॅम औषध. सकाळी ताप नाही. इको सध्या ठीक.

मेधामावशी: देव बरें करूं. ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत गेलं, हेच महत्त्वाचं. उपचार न मिळालेल्या चार मुलांतल्या एकाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फुगे येतात. वेळेवर दिलं तर शंभरात चार-पाच जणांना.

केतकी, बी १०३: मावशी, नातेवाइकांचे फोन येतायत, कोणाच्या घराण्यातून आलं म्हणून. दोन्हीकडे कुणालाच नव्हतं. गरोदरपणात मी काय खाल्लं इथपर्यंत गाडी पोचली.

मेधामावशी: बाय, फोन बंद ठेव आणि झोप काढ. उत्तर मी इथेच देते, सगळ्यांना वाचू दे.

टोकियोच्या डॉ. तोमिसाकू कावासाकींनी १९६७ मध्ये असे ५० रुग्ण नोंदवले. जपानात हा आजार सर्वांत जास्त. हवाईत जन्मून तिथेच वाढलेल्या जपानी वंशाच्या मुलांनाही तो तिथल्या गोऱ्या मुलांच्या दहापटींहून जास्त होतो. हवा, पाणी, शाळा तीच. म्हणजे रक्तातून काहीतरी येतं, नक्की. पण नुसतं रक्तच असतं तर दरवर्षी साधारण सारखेच रुग्ण दिसले असते. जपानात १९७९, १९८२ आणि १९८६ मध्ये देशभर लाटा आल्या. २०१९ मध्ये तिथे १७ हजारांवर मुलं आजारी पडली, २०२० मध्ये ११ हजारांच्या आसपास. त्या एका वर्षात जपान्यांची जीन्स थोडीच बदलली? तोंडाला मास्क आले आणि शाळा बंद झाल्या.

सुभाषकाका: म्हणजे साथच की! मी वेगळं काय म्हणत होतो?

मेधामावशी: सुभाषबाब, लाटेत येतो, पण एका मुलाकडून दुसऱ्याला हा आजार लागत नाही. बहुतेकांचा अंदाज असा, की आपला नेहमीचाच कुठलातरी जंतू शंभरांना सर्दी देऊन जातो आणि एखाद्याचीच प्रतिकारशक्ती असा भडका घेते. तो जंतू अजून कुणाच्या हाती लागलेला नाही. म्हणून ज्याला जे दिसेल त्याच्यावर संशय. अमेरिकेत १९८०च्या दशकात गालिचे धुण्याच्या शॅम्पूवर आळ आला होता, पुढच्या अभ्यासांत तो टिकला नाही. तुमची टाकी त्याच पंक्तीतली. साफ करा, जुलाब टळतील.

तन्वी, ए १०४: मावशी, जीन सापडलंय का? बायोटेकला आहे म्हणून विचारते.

मेधामावशी: एक नाही, बरीच. २००८ मध्ये जपानी गटाने आयटीपीकेसी दाखवलं. टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींना, लगाम घालणारं जीन आहे ते. त्याचा एक प्रकार असला की लगाम सैल. पण तो प्रकार असलेली बहुतेक मुलं ठणठणीत खेळत असतात. थोडं आईकडून, थोडं बापाकडून, आणि वर तो जंतू नेमका त्या वयात गाठ पडायला हवा. केतकी, यात घराणं कुठलं धरणार?

केतकी: आणि मोठीला झालं तर?

मेधामावशी: जपानातला हिशेब असा: भावंडाला वर्षभरात होण्याची शक्यता शंभरात दोन. इतरांच्या दहापट, पण अठ्ठ्याण्णवांना होत नाही. ज्यांना होतो त्यांतल्या निम्म्यांना पहिल्या दहा दिवसांतच, म्हणजे घरात एकाच वेळी काहीतरी शिरलं असणार. आता रोज थर्मामीटर लाव. ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य, भावाला कावासाकी आहे.

लीना: मग कार्यक्रम ठेवूया ना? गणपतीवर फळं-पानं टांगून बांधतात ती माटोळी मुलांना शिकवायची माझी तयारी झालीय.

नाईक, सेक्रेटरी: ठेवूया. समीरचं बाळ घरी आलं की भेटायला जायला हरकत नाही ना?

मेधामावशी: आहे, पण उलट्या बाजूने. त्याच्यापासून तुम्हाला धोका नाही, तुमच्यापासून त्याला आहे. काही आठवडे अ‍ॅस्पिरिन चालेल. त्यात कांजिण्या किंवा फ्लू झाला तर क्वचित मेंदू आणि यकृतावर गंभीर परिणाम होतो. आणि समीर, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) आणि कांजिण्यांची लस या ड्रिपनंतर ११ महिने पुढे जाते, कार्डावर लिहून घे. फ्लूच्या लशीचं मात्र लगेच विचार.

नाईक, सेक्रेटरी: गेल्या आठवड्यात डी विंगमध्ये कांजिण्या होत्या ना कुणाला?

राजेश, डी २०२: आमच्या वेदांतला. आता खपल्या धरल्यात.

मेधामावशी: सगळे फोड सुकून खपल्या धरल्याशिवाय त्याला बी विंगच्या जिन्यात पाठवू नका. एकही ओला राहिला असेल तर रविवारी घरीच.

राजेश: पाठीवर दोन ओले आहेत. घरीच ठेवतो.