मदत हवी आहे : बास आणि वॉलआय या दोन्ही माशांसाठी एकच परवडणारा रॉड

नमस्कार.

मी गेली 3 वर्षे मिनेसोटात, मिनीॲपोलिसच्या दक्षिणेकडील एका उपनगरात राहतो. बालपण कोकणात खाडीकाठी गेले. तिथे गरवायला जायचे म्हणजे तंगूस (नायलॉनची साधी दोरी), गळ, शिशाचा तुकडा आणि आमिषाला कोळंबी एवढाच सरंजाम असे. रॉड नावाची वस्तू आमच्यापैकी कोणाकडेही नव्हती. माशाने आमिषाला तोंड लावले की ते तर्जनीवरून गेलेल्या तंगुसातून थेट कळायचे. त्यामुळे इथल्या दुकानात भिंतीला ओळीने उभे केलेले शे-दीडशे रॉड प्रथम पाहिले तेव्हा मी पुरता गोंधळलो, आणि त्या गोंधळात केलेली खरेदी फसली. तशी चूक पुन्हा होऊ नये म्हणून हा धागा काढत आहे.

आधी माझी परिस्थिती सांगतो, कारण तिच्याशिवाय सल्ला देणे अवघड आहे. आठवड्यातून दोनदा, कार्यालयातून सुटल्यावर, मी शहरातल्या तळ्यांवर जातो आणि बहुतेक वेळा काठावरून किंवा धक्क्यावरून गळ टाकतो. तिथे प्रामुख्याने लार्जमाउथ ही बासची जात मिळते, आणि तीही पाणवनस्पतींच्या कडेला. उन्हाळ्यात तीन-चार वेळा एका मित्राच्या होडीतून मिल लॅक्स तलावावर जाणे होते. हा तलाव शहराच्या उत्तरेला साधारण 100 मैलांवर आहे, वॉलआयसाठी तो पूर्वीपासून प्रसिद्ध आहेच, पण स्मॉलमाउथ ही बासची दुसरी जातही तिथे उत्तम मिळते. म्हणजे एकाच दिवशी, एकाच होडीत, दोन्ही मासे गळाला लागण्याची शक्यता असते.

गेल्या वर्षी मी रीलसह (दोरी गुंडाळण्याच्या चाकासह) मिळणारा एक स्वस्त संच घेतला. विक्रेत्याने ‘बाससाठी हाच’ असे सांगून मीडियम-हेवी ताकदीचा रॉड हाती दिला. वॉलआयसाठी मित्राने 1/8 औंसाचा, म्हणजे जेमतेम साडेतीन ग्रॅमचा जिग (शिशाचे डोके असलेला गळ) बांधून दिला, तेव्हा तो जिग होडीपासून 25-30 फुटांपलीकडे जाईना, आणि माशाने आमिष चोखून सोडून दिले तरी माझ्या हाताला काही कळेना. शेजारी बसलेला मित्र मात्र तसाच जिग वापरून एकामागून एक मासे काढत होता. त्या रॉडचे टोक पुढे गाडीच्या दारात सापडून मोडले. त्याचे मला फारसे दुःख झाले नाही.

त्यानंतर जे थोडेफार समजून घेतले ते असे. ‘पॉवर’ म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते, आणि ‘ॲक्शन’ म्हणजे तो कुठून वाकतो ते. फास्ट ॲक्शनचा रॉड टोकाकडच्या साधारण एक तृतीयांश भागात वाकतो, मॉडरेट ॲक्शनचा पार मध्यापर्यंत वाकतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला विक्रेत्याने सांगितले असते तर बरे झाले असते.

आता खरी अडचण. वॉलआयसाठी मी 1/8 ते 1/4 औंसाचे जिग वापरतो; कधी जळू किंवा गांडूळ लावून फ्लोटही (पाण्यावर तरंगणारा बोंडूक) सोडतो. बाससाठी मऊ प्लॅस्टिकचे किडे आणि अधूनमधून 3/8 औंसाचा स्पिनरबेट (फिरत्या पात्याचे कृत्रिम आमिष) असतो. वॉलआयसाठी मीडियम-लाइट घ्या आणि बाससाठी मीडियम घ्या, असे सगळीकडे वाचायला मिळते, परंतु मला सध्या एकच रॉड घ्यायचा आहे. रील आणि दोरीसकट 150 डॉलरच्या वर जायचे नाही, आणि गाडी लहान असल्याने रॉड दोन तुकड्यांचा असला तर सोयीचे होईल. अशा स्थितीत तडजोड कोणत्या बाजूने करावी, हलक्या की जड? आणि पैसे रॉडवर जास्त घालावेत की रीलवर? ज्यांनी दोन्ही मासे एकाच रॉडवर काढले आहेत त्यांचे अनुभव विशेष उपयोगी पडतील.

प्रतिसाद 1

मी शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये बरीच वर्षे आहे आणि तुमच्यासारखीच सुरुवात केली होती. माझे मत स्पष्ट आहे : मीडियम पॉवर, फास्ट किंवा एक्स्ट्रा फास्ट ॲक्शन, लांबी साडेसहा ते सात फूट, स्पिनिंग प्रकारचा (रील खालच्या बाजूला लटकणारा) रॉड आणि त्यावर 2500 आकाराचे रील.

मात्र ‘मीडियम’ या शब्दावर विसंबू नका. एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीच्या मीडियम-लाइटच्या जवळ जाणारा असू शकतो, कारण हे शब्द ज्याने-त्याने आपापल्या मापाने वापरलेले आहेत. हँडलच्या वर रॉडवर जे आकडे छापलेले असतात ते वाचा. तिथे आमिषाचे वजन 1/4 ते 5/8 औंस असे लिहिले असेल, तर 1/8 किंवा 3/16 पासून सुरू होणारा दुसरा मीडियम मिळतो का ते आधी पाहा. तुमच्या कामासाठी वरच्या आकड्यापेक्षा खालचा आकडा महत्त्वाचा आहे.

आणखी एक गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. 1/8 औंस हे केवळ जिगच्या शिशाच्या डोक्याचे वजन असते. त्यावर तीन इंची प्लॅस्टिकची शेपटी किंवा जिवंत मिनो (आमिषाचा छोटा मासा) चढवला की प्रत्यक्ष फेकले जाणारे वजन बरेच वाढते, आणि मीडियम रॉड ते सहज पेलतो. उलट बाजूने पाहिले तर बाससाठी वापरला जाणारा पाच इंची जाड किडा शिशाशिवायही साधारण 10 ग्रॅम भरतो. म्हणजे कागदावर दोन माशांमध्ये जेवढे अंतर दिसते, तेवढे ते तळ्यावर राहत नाही.

उरलेले अंतर दोरीने भरून निघते. 10 पौंडांचा ताण सोसणारी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी घ्या. तिची जाडी सुमारे 2 पौंडांच्या तंगुसाएवढीच असते, त्यामुळे हलका जिगही लांब जातो. ब्रेड जवळजवळ ताणली जात नाही, म्हणून वॉलआयची ती हलकीशी टिचकी हातापर्यंत पोहोचते; खाडीवर तुमच्या तर्जनीला जे कळायचे, ते तुम्हाला इथे दोरीच परत मिळवून देईल. पुढे 8 पौंडांच्या फ्लोरोकार्बनचा (पाण्यात फारशा न दिसणाऱ्या दोरीचा) पाच-सहा फुटांचा लीडर, म्हणजे गळाकडचा तुकडा बांधा. रीलच्या फिरकीवर मात्र ब्रेड थेट गुंडाळू नका, खाली साध्या तंगुसाचे काही वेढे द्या, नाहीतर ब्रेड फिरकीवरच घसरत राहते आणि मासा लागल्यावर ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरी सोडणारा रीलचा ब्रेक) बिघडला की काय असे वाटते. मीही एकदा असेच चांगले रील दुरुस्तीला द्यायला निघालो होतो.

पैशांचे म्हणाल तर रॉडवर थोडे जास्त घाला. या माशांसाठी रीलने फारसे काही विशेष करावे लागत नाही. ड्रॅग न अडखळता सुटला पाहिजे आणि हँडल डगमगता कामा नये, एवढे पुरे. अग्ली स्टिक जीएक्स 2 हा रॉड ग्रॅफाइट आणि फायबरग्लास यांच्या मिश्रणाचा आहे. तो धसमुसळेपणा सहन करतो, पण हाताला जड लागतो आणि जिगवरचा हलका चावा तितकासा कळू देत नाही. फ्लोट सोडून बसायचे असेल तर त्यासारखा सोबती नाही. बर्कलीचा लाइटनिंग रॉड पूर्ण ग्रॅफाइटच्या जातीतला, हलका, आणि तुमच्या अंदाजपत्रकात आरामात बसणारा आहे. सेंट क्रॉईचा ट्रायम्फ मला या सगळ्यांत अधिक आवडतो, परंतु तो घेतलात तर बहुतेक पैसे एकट्या रॉडवरच संपतील.

प्रतिसाद 2

वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. उघड्या पाण्यात आणि वनस्पतींच्या कडेला मीडियम चालेल, यात शंका नाही. पण शहरातल्या तळ्यांत कमळाच्या पानांची दाट चादर असते, आणि तिच्या आत शिरलेला तीन-चार पौंडांचा लार्जमाउथ या रॉडने व 8 पौंडांच्या लीडरने बाहेर येणार नाही. तिथे मीडियम-हेवी कास्टिंग रॉड (रील वरच्या बाजूला बसणारा) आणि जाड ब्रेडच लागते. म्हणून मी म्हणेन की एकाच चांगल्या रॉडऐवजी दोन साधे रॉड घ्यावेत. मिनेसोटात उघड्या पाण्यात सहसा एका वेळी एकच दोरी टाकता येते हे खरे, परंतु दुसरा रॉड होडीत तयार ठेवायला काहीच हरकत नाही, आणि संध्याकाळी वॉलआय खायला लागला की अंधुक उजेडात गाठी बदलत बसण्याचा त्रास वाचतो. त्या माशाच्या डोळ्यांत प्रकाश परावर्तित करणारा थर असल्याने कमी उजेडात त्याला उत्तम दिसते. आपल्याला दिसत नाही.

प्रतिसाद 3

कोणताही रॉड घेतलात तरी दुकानातच दोरी ओवायच्या प्रत्येक कडीतून कान साफ करायची कापसाची काडी फिरवून पाहा. कापूस अडकला तर कडीला बारीक तडा आहे असे समजावे. अशी कडी ब्रेडला हळूहळू कातरते.

मूळ धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कमळांच्या पानांचा मुद्दा योग्य आहे, तो मी विचारात घेतलाच नव्हता. तरीही दोन रॉडांचा विचार सध्या बाजूला ठेवतो आणि पानांच्या आत गळ टाकण्याचा मोह आवरतो. कडेला मिळणारे बास मला पुरेसे आहेत. छापील आकडे वाचत दुकानात तासभर काढला, तेव्हा 6 फूट 6 इंचांचा, दोन तुकड्यांचा, 3/16 पासून सुरू होणारा एक मीडियम फास्ट रॉड सापडला. रील साधेच घेईन आणि उरलेल्या पैशांत ब्रेड व फ्लोरोकार्बन बसवेन. एकच शंका उरली आहे : दोन तुकड्यांच्या सांध्यामुळे चाव्याची जाणीव कमी होते का?

प्रतिसाद 1

तुम्हाला फरक जाणवण्याइतकी नाही. सांधा सैल असला तर मात्र नक्की होते, आणि ढिला राहिलेला वरचा तुकडा एखाद्या जोरदार फेकीत आमिषाच्या मागोमाग पाण्याकडे निघतो. जोडताना कड्या थोड्या तिरप्या ठेवून तुकडा आत सरकवा आणि मग पीळ देऊन कड्या सरळ रेषेत आणा. सांध्याच्या आत जाणाऱ्या भागावर मेणबत्तीचे मेण किंचित चोळा, आणि तासाभराने एकदा हाताने चाचपून पाहा. मासा होडीत घेताना जाळीच वापरा. रॉड उभा धरून मासा उचलू नका, कारण गाडीच्या दाराखालोखाल टोके त्याच कारणाने मोडतात.