मराठी पिक्चर उतरायच्या आत कळणार कसे? (मदत हवी आहे)

कृष्णाकाठची:

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवावा.

आम्ही सांगलीत राहतो. मी, नवरा आणि माझी आई (वय 74). आईला पिक्चर थिएटरातच बघायचा असतो. घरी टीव्हीवर लावला की पंधराव्या मिनिटाला ती मेथी निवडायला घेते आणि मग "हा कोण गं आता?" सुरू होतं. थिएटरात मात्र दोन तास जागची हलत नाही.

अडचण अशी की पिक्चर आल्याचं आम्हाला कळतं तोवर तो उतरलेला असतो. यंदाचंच सांगते. 2025 च्या सुरुवातीला पेपरात वाचलं की रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठा पुरस्कार मिळाला. कात्रण कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग उन्हाळा, मग गणपती. सप्टेंबर संपता संपता पुण्याच्या मैत्रिणीचा फोन आला, "बघितलास का?" ॲप उघडलं तर सांगली-मिरजेत एकही खेळ नाही. कात्रण अजून दारावर आहे.

दुसरा गोंधळ पुरस्कारांचा. 1 ऑगस्टला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, त्यात 'श्यामची आई' सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट. आई म्हणाली, "चला, लागला असेल." मी शोधत बसले तर तो 2023 च्या दिवाळीतला निघाला! दोन वर्षं हे लोक काय करत असतात?

तिसरं म्हणजे परीक्षणं. कोणावर विश्वास ठेवायचा? मला तर सगळीकडे साडेतीन स्टारच दिसतात.

कोणी पद्धतशीर काही करत असेल तर सांगा. दिवसभर मोबाईल बघत बसणं मला जमणार नाही, बँकेत काउंटरवर असते. आगाऊ धन्यवाद.

पहिली_रांग:

+1. अगदी मनातलं.

माझा एकच नियम आहे, बुधवारी रात्री ॲप बघायचं. शुक्रवारपासूनचे खेळ बुधवार-गुरुवारीच लागायला लागतात. शनिवारी सकाळी उठून बघाल तर दुपारचा खेळ कधीच कुठल्या हिंदी पिक्चरला गेलेला असतो. आणि मराठीचा दुसरा आठवडा गृहीत धरू नका. पहिल्या तीन दिवसांत गल्ला दिसला नाही की सोमवारपासून सकाळी साडेनऊचा एकच खेळ उरतो. त्या वेळी कोण जाणार, दूधवाला?

रीळवाला:

ताई, बुधवारचा नियम बरोबर आहे, पण तुमचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. जानेवारीत कळलेलं सप्टेंबरपर्यंत लक्षात ठेवायचं कसं, हा. त्यावर माझ्याकडे एक अडाणी हिशोब आहे.

महोत्सवात गाजलेला मराठी पिक्चर आपल्यापर्यंत यायला साधारण सात-आठ महिने लागतात. 'कोर्ट' व्हेनिसला सप्टेंबर 2014 मध्ये जिंकला, आपल्याकडे लागला एप्रिल 2015 मध्ये. त्याच चैतन्य ताम्हाणेंचा 'द डिसायपल' व्हेनिसला सप्टेंबर 2020, नेटफ्लिक्सवर एप्रिल 2021. 'आत्मपॅम्फ्लेट' बर्लिनला फेब्रुवारी 2023, थिएटरात ऑक्टोबर. तुमचा 'साबर बोंडं' जानेवारी ते सप्टेंबर. मध्ये वितरक शोधायचा असतो, पैसे उभे करायचे असतात, सुट्ट्या आणि मोठे हिंदी पिक्चर टाळून शुक्रवार शोधायचा असतो. गर्भारपणासारखंच आहे, बातमी कळली की दिवस मोजायचे.

म्हणून कात्रण कपाटावर चिकटवू नका, कालनिर्णयवर चिकटवा. जानेवारीत वाचलं तर थेट ऑगस्टच्या पानावर. त्या महिन्यापासून दर बुधवारी नाव टाकून बघायचं. (तेव्हा पुढच्या वर्षाचं कालनिर्णय बाजारात नसेल तर कात्रण मागच्या खिशात ठेवा, मी पाकिटात ठेवतो.)

अपवाद आहेतच. 'सैराट' फेब्रुवारी 2016 मध्ये बर्लिनला दाखवला आणि 29 एप्रिलला आपल्याकडे लागलासुद्धा. त्याच्या मागे जोर होता, त्याला थांबायची गरज नव्हती.

नावं कुठे मिळतात? वर्षातून दोन याद्या वाचल्या तरी पुरे. जानेवारीत पुण्याच्या 'पिफ' या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातली मराठी स्पर्धा, ज्यातल्या उत्तम चित्रपटाला 'संत तुकाराम' पुरस्कार देतात. आणि नोव्हेंबरात गोव्यातल्या 'इफ्फी' महोत्सवाची इंडियन पॅनोरमा, म्हणजे भारतीय चित्रपटांचा विभाग. सांगलीहून पणजी काही लांब नाही, जमलं तर आईंना घेऊन एकदा जाच. रांगेत उभं राहावं लागतं, तेवढं मात्र सांगून ठेवतो.

मीठभाकर:

रीळवाले, हिशोब आवडला. पण तो पुरस्कारवाल्या पिक्चरला. 'बाईपण भारी देवा' कुठल्या महोत्सवाच्या यादीत शोधणार? 2023 च्या जूनअखेरीस लागला आणि आमच्या सोसायटीत कळलं ते भिशीत. दुसऱ्या आठवड्यात सगळ्या नऊवारी नेसून, गॉगल लावून टेम्पोने गेल्या. परीक्षण एकीनेही वाचलं नव्हतं.

कल्याण_लोकल:

राष्ट्रीय पुरस्कारांचं मी सांगतो, कारण हा घोळ मी स्वतः तीन वर्षं घातलाय.

हे पुरस्कार पिक्चर लागल्याच्या तारखेवर नसतात, सेन्सॉर प्रमाणपत्राच्या वर्षावर असतात. यंदा 1 ऑगस्टला जाहीर झाले ते 71 वे, म्हणजे 2023 मध्ये प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटांचे. मध्ये कोविडमुळे गाडी लेट झाली ती अजून वेळेवर आलेली नाही. त्यामुळे 'श्यामची आई', 'नाळ 2', 'आत्मपॅम्फ्लेट' ही सगळी 2023 ची मंडळी 2025 मध्ये हार घालून घेताना दिसली.

गंमत 'वाळवी'ची. लागला जानेवारी 2023 मध्ये, पुरस्कार मिळाला 70 व्या सोहळ्यात, जो 2022 च्या चित्रपटांचा. प्रमाणपत्र आधीच्या वर्षात घेतलं होतं, एवढंच.

तेव्हा पुरस्काराची बातमी आली की थिएटर शोधू नका, ओटीटी शोधा. ही यादी घरी बसून बघायची यादी आहे.

अवांतर: 1953 च्या चित्रपटांसाठी पहिलंवहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं तेही आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'लाच. म्हणजे आईंची पिढी आणि यंदाची बातमी एकाच नावावर आली. त्याच पदकाचं पुढे सुवर्णकमळ झालं, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ते पुन्हा मराठीला मिळालं थेट 'श्वास'ला, पन्नास वर्षांनी.

कृष्णाकाठची:

कल्याण_लोकल, आईला वाचून दाखवलं. ती म्हणते अत्र्यांचा तिने लहानपणी तंबूत बघितलाय, पडद्याच्या मागच्या बाजूने. आता ती नवा बघायलाच मागत नाही, तोच पुन्हा दाखव म्हणते. :)

आणखी एक विचारू का? पेपरात "मराठी चित्रपट ऑस्करच्या शर्यतीत" असं दर हिवाळ्यात येतं. एका वर्षी एवढे कसे असतात शर्यतीत?

कल्याण_लोकल:

ताई, त्या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी कोंबतात.

एक, भारताची अधिकृत प्रवेशिका. वर्षाला एकच, फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया सप्टेंबरच्या आसपास निवडते. 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', 'कोर्ट' हे असे गेले. 2025 मध्ये 'होमबाउंड' निवडला, तो हिंदी. त्यासाठी पिक्चर थिएटरात सलग सात दिवस चाललेला असावा लागतो. म्हणून कधी कधी सप्टेंबरात एखादा पिक्चर कुठल्याशा एका थिएटरात गुपचूप आठवडाभर लागतो. तसा दिसला तर समजा, कुणाचा तरी जीव टांगणीला आहे.

दोन, त्यातून 15 ची लघुयादी आणि मग 5 नामांकनं. भारताला ते नामांकन आजवर तीनदाच मिळालंय: 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे', 'लगान'.

तीन, आणि बातम्या बहुतेक हिच्याच असतात, पात्र चित्रपटांची यादी. अमेरिकेतल्या ठरावीक शहरात आठवडाभर खेळ लावला, कागदपत्रं दिली की नाव येतं. 2025 च्या सोहळ्यासाठी या यादीत 323 चित्रपट होते, त्यातले 207 सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पात्र. मुंबई मॅरेथॉनला नाव नोंदवलं म्हणून मीही "मॅरेथॉनच्या शर्यतीत" असतोच की.

बे_एरियातून:

मला तर हे वाचून सांगलीचाच हेवा वाटतोय. इथे कॅलिफोर्नियात मराठी पिक्चर महाराष्ट्र मंडळाने हॉल घेतला तर दिसणार, रविवारी दुपारी, एकच खेळ, मध्यंतरात बटाटेवडा. 2024 च्या जुलैत सॅन होजेला 'नाफा'चा (नॉर्थ अमेरिकन फिल्म असोसिएशन) मराठी चित्रपट महोत्सव सुरू झाला तेव्हापासून जरा बरं आहे. तुमच्याकडे उतरतो तरी, आमच्याकडे चढतच नाही.

मीठभाकर:

परीक्षणांचं राहिलंच. स्टार बघू नका, शेवटचा परिच्छेदही नको. पहिल्या दोन परिच्छेदांत लिहिणारा गोष्ट सांगत सुटला असेल तर पुढे काही मिळणार नाही. आवाज, छायाचित्रण, एखादा प्रसंग कसा घेतलाय यावर चार ओळी दिसल्या तर माणूस जागा राहून बघून आलाय.

आणि खरी युक्ती म्हणजे एकच परीक्षक धरा आणि सहा महिने आईंच्या मताशी ताडून बघा. मी ज्यांना वाचते त्यांनी "संथ" लिहिलं की मला आवडतो आणि "धमाल" लिहिलं की माझं डोकं दुखतं. त्यांचं आणि माझं कधीच जमत नाही, म्हणून तर वाचते.

शुक्रवारी सकाळीच आलेले, "बघायलाच हवा" असे व्हिडिओ मात्र सोडून द्या. त्यात लाल गालिचाच जास्त दिसतो.

पहिली_रांग:

एकाच शुक्रवारी तीन-तीन लागतात तेव्हा काय करायचं तेही सांगा कोणीतरी. 12 सप्टेंबरला 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट', तिन्ही एकाच दिवशी! खिसा एक, रविवार एक.

रीळवाला:

ज्याचे खेळ सगळ्यात कमी तो आधी. गर्दीचा पिक्चर तुमच्यासाठी थांबतो.

कृष्णाकाठची:

मंडळी, अपडेट द्यायला आले.

बुधवारचा नियम सुरू केला. मागच्या आठवड्यात एक मराठी पिक्चर दिसला, शनिवारी दुपारी सव्वातीनचा खेळ. आईला इस्त्रीची साडी, मला अर्धा दिवस रजा. थिएटरात पोचलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, तीनच तिकिटं गेलीत, शो कॅन्सल." पैसे परत मिळाले. आईने त्याला विचारलं, "किती लागतात रे?" तो म्हणाला दहा तरी हवीत. आई म्हणाली, "मग आधी सांगायचं, मी आणली असती."

घरी आल्यावर तिने भजनी मंडळात फोन लावले. येत्या रविवारी दुपारचा खेळ आहे. आम्ही तिघं, वरच्या मजल्यावरच्या काकू, त्यांची जाऊ आणि पेटीवाले जोशीकाका, अशी सहा झाली. सांगली-मिरजेचं कोणी आहे का इथे? चार कमी पडतायत.

वसंतदादा_चौक:

मी मिरजेत. दोन धरा. पण मध्यंतरात भजन नको, एवढं आईंना सांगा.

पहिली_रांग:

इस्लामपूरहून येतो. माझं एक. मला पहिली रांग.