छोटं मातीचं धरण आणि त्यामागचा तलाव : तुमचे अनुभव लिहा

फिरायला, पोहायला, होडीत बसायला, गळ टाकायला आपण तलावावर जातो ते पाण्याच्या बाजूने. ज्या भरावाने ते पाणी अडवलंय, त्याच्या पलीकडच्या उतारावर फारसं कुणी फिरकत नाही. तलावाच्या आठवणी लिहाच, पण धरणाचं जे नजरेला पडलं तेही लिहा.

~

मी नियमित पोहते. मोटारबोटी जोरात फिरायला लागल्यावर लाटांनी पिचिंगचे, म्हणजे भरावाच्या पाण्याकडच्या उतारावर बसवलेले, दगड सुटले, मागची माती उघडी पडली. आम्ही पोहणाऱ्यांनी पाठपुरावा करून बोटी भरावापासून लांब ठेवायला लावल्या.

~

देखभालीचं काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो. मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच. पायथ्याला येणारं ते पाणी काचेच्या ग्लासात धरायचं आणि उजेडात बघायचं. नितळ असेल आणि नेहमीइतकंच येत असेल, तर बहुधा काळजी नसते. तळाशी माती बसली, तर पाणी धरण आतून पोखरतंय. ही पोकळी पायथ्याकडून तलावाच्या दिशेने वाढत जाते आणि वरून काही कळत नाही. झिरपा अचानक वाढला, कोरड्या उतारावर एकाच जागी हिरवंगार गवत उगवलं, माथ्यावर भेग गेली, की त्याच दिवशी कळवा.

~

उतारावरची झाडं तोडली तेव्हा फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण मोठं झाड मेलं की मुळं कुजतात आणि तिथून पाण्याला वाट मिळते. भरावावर गवतच हवं. झाडं लावायला बाकीचा काठ आहे की!

~

मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला, म्हणजे तलावातलं जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेला, जाळी लावा, असं आमच्यातल्या काही गळवाल्यांचं म्हणणं होतं. मी कडाडून विरोध केला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण मातीचंच, आणि मागचा तलाव श्रीमंतांच्या क्लबचा. क्लबने माशांसाठी सांडव्यावर जाळ्या बसवल्या, रस्त्यासाठी माथा खाली घेतला. पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकाने काढून टाकले होते, ते परत बसवलेच नाहीत. 31 मे 1889 रोजी मुसळधार पावसात जाळ्यांत कचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेलं आणि धरण फुटलं. खाली जॉन्सटाउन होतं. 2,209 माणसं गेली. काँक्रीटवरून पाणी गेलं तर ते बराच वेळ तग धरू शकतं, माती धुपत जाते. सांडवा मोकळाच हवा.

~

देखभालवाल्यांना प्रश्न : घुशींची बिळं वरून माती टाकून बुजवली तर चालतं का?

~

नाही. तोंड बंद होतं, आतली पोकळी तशीच राहते. जाणकार अभियंत्याच्या देखरेखीखाली, पाणी उतरलेलं असताना बीळ शेवटपर्यंत खणायचं आणि भरावासारखीच ओलसर माती थराथराने भरत धुम्मसाने ठोकायची. पावसाळ्याच्या आत उरकून घ्या.