आपण घडवलेली पात्रे आणि दुसऱ्याचा चेहरा

रेघ
स्वतः घडवलेल्या पात्राशी यंत्राद्वारे गप्पा मारता येणाऱ्या संवादी पात्रांच्या ॲपविषयी काल इथे एका सदस्याने लिहिले की, स्वतः घडवलेले पात्र जालावर टाकले की ते सर्वांचे होते, आणि चेहऱ्यावर किंवा आवाजावर हक्क सांगणे हे नटनट्यांचे चोचले आहेत. हे वाचून मी इतकी अस्वस्थ झाले की प्रतिसादाऐवजी स्वतंत्र धागा काढत आहे.

पहिले विधान कायद्याला धरून नाही. 'फटकळ पण मायाळू आजी' एवढी ढोबळ कल्पना कोणाच्याच मालकीची नसते. मात्र त्या आजीचा भूतकाळ, तिची बोलण्याची लकब, नातीगोती आणि संवाद कोणी बसून लिहिले, तर ते लेखन १९५७ च्या स्वामित्वहक्क (कॉपीराइट) कायद्याखाली साहित्यकृती ठरते आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षित राहते. 'दबंग' चित्रपटातील चुलबुल पांडे या पात्राच्या २०१६ मधील दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली, तरी ठसठशीत, वेगळे पात्र स्वामित्वहक्काचा विषय होऊ शकते हे तत्त्वतः मान्य केले.

दुसरे विधान मला अधिक घातक वाटते. माझी मावसबहीण शिक्षिका आहे. तिच्या लग्नातला फोटो उचलून कोणीतरी 'जिवलग मैत्रीण' नावाचे पात्र बनवले आणि एका विद्यार्थ्याच्या पालकांनी तिला ते दाखवले. अनोळखी माणसे तिच्या चेहऱ्याशी काय बोलत असतील, या विचाराने तिची झोप उडाली. पात्राचे नाव वेगळे असल्यामुळे हा तोतयेगिरीचा प्रकार नाही, असे उत्तर तिला ॲपकडून मिळाले. अरिजित सिंग यांना २०२४ मध्ये आवाजाच्या नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाचे संरक्षण मिळाले याचा मला आनंदच आहे, परंतु शिक्षिकेने वकील कोठून आणायचा?

तिठा
ते विधान माझे आहे. तुमच्या बहिणीबाबत घडले ते निंद्यच आहे, पण त्यासाठी बदनामी आणि फसवणुकीचे कायदे आहेत. चेहऱ्यावर नवी मालकी निर्माण केली, तर तिचा पहिला लाभ ज्यांच्याकडे वकिलांची फौज आहे त्यांनाच होईल. क्रिकेटपटूंची चित्रे असलेल्या डिजिटल कार्डांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मनाई नाकारली आणि विडंबन, कला, बातमी व अभ्यास यांसाठी प्रसिद्ध व्यक्तीचे नाव किंवा प्रतिमा वापरणे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येते असे सांगितले. तो निकाल तुम्ही का वगळला?

बँक कर्मचाऱ्यांच्या नियतकालिकात १९९४ साली गांधीजींना बोलते करणारी एक मराठी कविता छापली गेली. ते प्रकरण २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. माफी मागितलेला प्रकाशक सुटला, कवीला मात्र खटल्याला सामोरे जाण्यास सांगितले गेले. थोरांची प्रतिमा जपणारे कायदे शेवटी लिहिणाऱ्याच्याच मानेवर बसतात.

शिळोप्या
तुम्ही दोघे न्यायालयांतच अडकलात. मी सवडीने लिहिलेली कोकणातली वैदूबाई एका सदस्याने माझ्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट उचलली, आणि संकेतस्थळ म्हणते की पात्र सार्वजनिक ठेवल्यामुळे तक्रार चालणार नाही. व्यंगचित्रकार टॉम्स यांनी मलयाळ मनोरमा या वृत्तपत्राची नोकरी सोडल्यावर बोबन आणि मोली या पात्रांवरून वाद झाला, तेव्हा नोकरीपूर्वी निर्माण केलेली पात्रे चित्रकाराचीच राहतात, असे केरळ उच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ठरवले. पगार देणाऱ्या वृत्तपत्राला जी मालकी मिळाली नाही, ती एक छदामही न देणाऱ्या संकेतस्थळाला कशी मिळेल?

रेघ
मिळत नाही. मालकी द्यायची तर स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १९ नुसार लेखी आणि सही केलेला करार लागतो. 'मान्य आहे' हे बटण दाबून आपण सहसा वापराचा परवाना देतो. तो किती व्यापक आहे हे मात्र अटींमध्ये नीट वाचा, कारण इतर सदस्यांना नक्कल करू देण्याची मुभा बहुधा तिथेच दडलेली असते.

उंबरठा
गांधीजींचा विषय निघाला म्हणून विचारते, गेलेल्या माणसाच्या आवाजाचे काय? माझ्या चुलतभावाने काकांच्या जुन्या ध्वनिसंदेशांवरून बोलणारे पात्र तयार केले. काकू रोज संध्याकाळी त्याच्याशी बोलतात. चुलतबहिणीला तो वडिलांचा अपमान वाटतो आणि तिने माहेरी येणे बंद केले आहे.

तिठा
जयललितांवरील चित्रपटाच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि सुशांतसिंह राजपूत यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच सांगितले की, खासगीपणाचे आणि प्रतिमेवरचे हक्क व्यक्तीबरोबर संपतात. चुलतभावाला कोणाची परवानगी लागत नाही.

उंबरठा
मी निकाल विचारला नव्हता. ज्या माणसाने हयातीत कोणाचा शब्द मोडला नाही, त्याच्या आवाजात आता एक यंत्र मुलीला 'तू का येत नाहीस' असे विचारते. ते ऐकून तुम्ही कलमे सांगितली असती का?

रेघ
वडिलांच्या कवितांचा हक्क मुलांकडे ६० वर्षे राहतो आणि त्यांच्या आवाजाचा हक्क चितेबरोबर संपतो, हे मला कदापि पटणार नाही. निदान जोडीदार आणि मुले यांच्या संमतीशिवाय खासगी व्यक्तीचे असे पात्र बनू नये.

तिठा
मग मुलांतच एकमत नसेल तर? याच घरात ते नाही! वारसांना नकाराधिकार दिलात, तर प्रत्येक पुढाऱ्याचा नातू चरित्रकाराच्या दारात उभा राहील.

शिळोप्या
चरित्रकार आणि आवाजाची नक्कल यांची सरमिसळ तुम्ही मुद्दाम करत आहात. चरित्रकार स्वतःच्या शब्दांत लिहितो, मेलेल्याच्या तोंडून बोलत नाही.

तिठा
मुद्दाम करत असल्याचा आरोप मागे घ्या. मुद्दा मात्र नोंदवून घेतो.

रेघ
सार्वजनिक जीवनातील दिवंगत व्यक्तींवरचे विडंबन आणि अभ्यास मोकळे राहावेत, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. मात्र मावसबहीण जिवंत आहे, खासगी व्यक्ती आहे आणि तिच्या चेहऱ्याने कोणाचे विडंबन होत नाही. बदललेल्या प्रतिमांद्वारे होणाऱ्या तोतयेगिरीच्या तक्रारीवर २४ तासांत कारवाई करण्याचे बंधन माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनी घातले होते. नुसते नाव बदलले की ती तोतयेगिरी उरत नाही, असा अर्थ कोणी काढावा, हे मला मान्य नाही.

तिठा
तेवढे मान्य करावे लागेल. जिवंत, खासगी माणसाचा चेहरा किंवा आवाज घेऊन पात्र बनवायचे असेल, तर संमती आधी घ्यावी आणि ती सिद्ध करण्याचा भार बनवणाऱ्यावर असावा. प्रसिद्ध व्यक्तींना हेच संरक्षण देण्यास आणि वारसांच्या हक्कास माझा विरोध कायम आहे.