क्रॅक इंट्रोला 'नांदी' म्हणावं का?

एक शब्द अडलाय, मदत करा. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर एक लेख लिहितोय. १९८० च्या दशकात युरोपातली पोरं गेमचं कॉपी प्रोटेक्शन (नक्कल होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप) काढून टाकायची आणि वाटताना गेमच्या आधी आपला एक छोटा प्रोग्राम जोडायची. ग्रुपचं नाव मोठ्या अक्षरात, मागे म्युझिक, तळाशी आडवा सरकत जाणारा मजकूर, आणि स्पेस दाबला की गेम सुरू. याला तिकडे क्रॅक इंट्रो किंवा क्रॅकट्रो म्हणतात. मी 'नांदी' लिहिलं पण वाचताना खटकतंय. 'भेदन-परिचय' असलं काही कृपया सुचवू नका.

* * *

नांदी नकोच. नांदी नाटक करणाऱ्यांची स्वतःची असते, इथे नाटक एकाचं आणि आधी येऊन उभा राहतो तो भलताच. त्याने गेम लिहिलेला नाही, त्याची सही आहे ती गेम मोकळा केल्याच्या कामावर.

'क्रॅक'साठी मात्र आपल्याकडे सरळ शब्द आहे, फोडणे. कुलूप फोडलं, पेपर फोडला, तसा गेम फोडला. आणि हल्ली कुणी भारी काम केलं की आपण 'फोडलंस मित्रा!' म्हणतो ना, तोही अर्थ इथे चपखल बसतो, कारण त्या पोरांच्या मनात दोन्ही एकदमच होतं. 'क्रॅक' ठेवलंत तर मराठीत 'तो जरा क्रॅक आहे' आणि 'परीक्षा क्रॅक केली' हेही डोक्यात येतं, फोडणेमध्ये तो घोळ नाही.

* * *

दादा, फोडणे मस्त. पण त्या सरकत्या मजकुरात 'ग्रीटिंग्ज' असायच्या त्याला शुभेच्छा लिहू नका हं, फार चुकतं. ओळखीच्या ग्रुपांची नावं एकेक करून घ्यायची, कुणाचं नाव गळलं की तो रुसणार, कुणाला मुद्दाम टोमणा. आपल्या जुन्या पत्रांत शेवटी 'घरातील सर्वांस नमस्कार सांगणे' असायचं, तसंच आहे हे, म्हणून मी 'नमस्कार सांगणे' असंच लिहीन. फेअरलाइट, ट्रायड हे ग्रुप स्वीडनचे, रेझर १९११ नॉर्वेचा, आणि फ्लॉपी पोस्टाने जायच्या, म्हणजे तो मजकूर खरोखर पत्रासारखाच वाचला जायचा.

आणि स्क्रोलरला, म्हणजे त्या सरकत्या मजकुराला, 'पट्टी' म्हणा, टीव्हीवर खाली बातम्यांची पट्टी चालते तशी. फक्त ती चालवायला काय लागायचं ते लेखात नक्की लिहा, कारण खरी गंमत तिथे आहे. कमोडोरची ग्राफिक्स चिप चित्र ० ते ७ पिक्सेल एवढंच सरकवू शकते, आठव्याला सगळी अक्षरं एक घर डावीकडे उचलून ठेवायची आणि मोजणी परत पहिल्यापासून, तेही युरोपातल्या मशीनवर सेकंदाला ५० वेळा चित्र रंगत असताना. शिवाय ३२० बाय २०० च्या चित्राभोवती जो काठ असतो (बॉर्डरला काठच म्हणा, साडीसारखा) तिथे काही दिसू नये अशीच चिपची रचना. चिपला दोन मोड, २५ ओळींचा आणि जरा बुटका २४ ओळींचा. मग यांनी काय करावं, तर २५ च्या मोडमध्ये राहून २४ ओळींवाल्याची काठ सुरू करायची रेघ जाऊ द्यायची आणि २५ ओळींवाली रेघ यायच्या आधी २४ चा मोड लावायचा. चिपला वाटतं वेळ यायची आहे की गेली, ती काठ काढतच नाही, आणि तिथे स्प्राइट (चिप वेगळी हलवू शकते अशी छोटी चित्रं) नाचायला लागतात! मी हे पहिल्यांदा इम्युलेटरवर (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ नुसती खालच्या कडेकडे बघत बसले होते.

* * *

आपल्यातल्या कित्येकांनी ही परंपरा नकळत ऐकलीय बरं का, कीजेन (सॉफ्टवेअरची बनावट सीरियल की काढून देणारा प्रोग्राम) उघडल्यावर टिणटिण म्युझिक वाजायचं ते याच घराण्यातलं.

पण मूळ प्रश्नाला अजून एक फाटा आहे. पुढे या मंडळींना गेमची गरजच उरली नाही, नुसतं कौशल्य दाखवायला डेमो करायला लागले, आणि 'इंट्रो' शब्दाचा अर्थच सरकला. आता इंट्रो म्हणजे आकाराची मर्यादा पाळून केलेला छोटा डेमो, ४ किलोबाइट, ६४ किलोबाइट. त्याच्या पुढे काहीही सुरू होत नाही. जर्मनीच्या फारब्राउश ग्रुपने २००० साली ६४ किलोबाइटात दहा मिनिटांहून लांब काम बसवलं, त्याला 'नांदी' कसं म्हणणार? फिनलंडने २०२० मध्ये डेमोसीन, म्हणजे या डेमोवाल्यांची सगळी परंपरा, आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतला, पाठोपाठ जर्मनीनेही, तेव्हा स्वतंत्र कला म्हणूनच त्याला नाव हवं. म्हणून 'इंट्रो' तसाच ठेवा.

* * *

पटलं. 'फोडलेला गेम', 'पट्टी', 'काठ' आणि 'नमस्कार सांगणे' घेतोय, 'इंट्रो' तसाच, नांदी खोडली. आता एकच राहिलं, तो इंट्रो की ती इंट्रो? 'तो डेमो' सगळेच म्हणतात, पण माझ्या तोंडी 'छोटीशी इंट्रो' येतं आणि वर तुम्ही सगळे 'तो' धरून चाललाय.

* * *

आमच्याकडे लग्नाच्या व्हिडिओची पण 'ती इंट्रो'च असते. तोंडात येतंय तेच लिहा.