खोटा आरोप झाल्यावर न्याय देवावर सोपवणे म्हणजे नेमके काय?

प्रश्न: माझ्यावर कामाच्या ठिकाणी अपहाराचा खोटा आरोप झाला असून चौकशी सुरू आहे. न्याय प्रभूच्या हाती सोपवल्यावर मी स्वतःचा बचाव करणे हा अविश्वास ठरेल का?

उत्तर: मुळीच नाही, ताई. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये, अध्याय 24 मध्ये प्रेषित पौल रोमी सुभेदार फेलिक्ससमोर आपल्यावरील आरोप सिद्ध करता येणार नाहीत असे ठामपणे सांगतो आणि पुढच्या अध्यायात थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागतो. त्यामुळे कागदपत्रे, साक्षीदार आणि लेखी खुलासा ही साधने आपण निःसंकोच वापरावीत. सूड मात्र देवावर सोडावा.

दुसरे उत्तर: मी सहमत आहे, पण निकाल आपल्या बाजूने लागेलच, असे आश्वासन कोणी देऊ नये. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात, मिसरी अधिकारी पोटीफर याच्या पत्नीच्या खोट्या आरोपामुळे त्याच्या घरी दास असलेला योसेफ तुरुंगात गेला. सतराव्या वर्षी घरापासून तुटलेला तो मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला तेव्हा 30 वर्षांचा होता, आणि त्या आरोपातून तो जाहीरपणे निर्दोष ठरल्याची नोंद उत्पत्तीत कोठेही नाही (हे वाचताना मला आजही फार जड जाते). तरी परमेश्वर तुरुंगातही त्याच्याबरोबर होता, असे उत्पत्ती, अध्याय 39 सांगतो.

प्रश्नकर्ती: मग तोवर प्रार्थना कशी करू?

उत्तर: बायबलच्या स्तोत्रसंहितेतील सातवे स्तोत्र वाचा. दावीद आधी स्वतःला तपासासाठी देवापुढे उभे करतो आणि मगच न्याय मागतो. आपला संतापही तो झाकून ठेवत नाही.